आंब्याचे पैसे यूएसडीटीत घ्यावेत का?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. दुबईचा व्यापारी म्हणतो, बँकेची वाट कशाला बघता, यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो चलन) घ्या, दहा मिनिटांत पोचतील. घ्यावेत का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : घेऊ नका. लवकर पोचतात हे खरं. पण निर्यातीची रक्कम अधिकृत बँकेमार्फतच यावी लागते. नाहीतर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) निघत नाही आणि शिपिंग बिल (माल पाठवतानाचा कस्टमचा कागद) थकीत दिसत राहतं.

मोठा धोका तर पुढेच आहे. यूएसडीटीचे रुपये करायला लोक पी-टू-पी विक्री करतात, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकतात. घेणाऱ्याने खात्यात टाकलेले पैसे फसवणुकीचे निघाले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचं खातं गोठवू शकते, तेही ऐन हंगामात, पेट्यांचे नि मजुरीचे पैसे द्यायचे असताना. शिवाय नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा होत नाही. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, इथे तोही नाही.

घाई असेल तर निम्मी रक्कम आगाऊ स्विफ्टने, म्हणजे बँक-ते-बँक परदेशी हस्तांतराने मागा. इन्व्हॉइस आणि आयईसी (आयात-निर्यात परवान्याचा) क्रमांक बँकेत आधीच द्या, परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे हे सांगणारा क्रमांक, पी०१०३ (निर्यातीची आगाऊ रक्कम) सांगा. कोड चुकला की पैसे अडकतात.