सुलभता, सुगमता की सुगम्यता?

नांदेडच्या एका वेब डिझायनर ताईंनी विचारलंय की एका पतसंस्थेच्या मराठी साईटवर ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा माऊस धरता येत नाही त्यांनाही साईट वापरता यावी याचं, पान टाकायचंय, त्याला नाव काय द्यायचं, कोणी सुलभता म्हणायलेत, कोणी सुगम्यता, आणि भाषांतराच्या टूलनं 'प्रवेशयोग्यता' काढून दिलं.

प्रवेशयोग्यता आधी बाजूला ठेवा. ते ऐकून कॉलेजची ॲडमिशन आठवते, मेरिट लिस्ट लागली का असं विचारावं वाटतं.

खरी गंमत सुलभ आणि सुगममध्ये आहे. सुलभमधला धातू लभ्, म्हणजे मिळणं, तर सुलभ म्हणजे सहज मिळणारं. सुगममधला धातू गम्, म्हणजे जाणं, म्हणून सुगम म्हणजे जिथं सहज जाता येतं ते. आता इंग्रजी ॲक्सेस बघा, तो लॅटिनमधून आलाय आणि त्याच्या मुळाशीही जवळ जाणं, पोचणं हाच अर्थ आहे. मग गम् जास्त जवळचा झाला ना.

पण व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द चालतोच असं नाही, माझं कारण वेगळंय. सुलभचा मूळ अर्थ काही का असेना, आज आपण तो नुसता 'सोपं' म्हणून वापरतो, सुलभ हप्ते, सुलभ गणित, आणि सुलभ शौचालय तर आहेच. मागं एका क्लायंटला मी म्हणलं साईट सुलभ करावी लागंल, तर ते म्हणले सोपीच हाय की, तीन पानं आन एक फॉर्म, अजून काय सोपं करायलाव! त्यांचं चूक नव्हतं, सोपी होतीच. पण माऊस काढून नुसत्या कीबोर्डवर बघितलं तर टॅब दाबत दाबत फॉर्मपर्यंत जाताच येत नव्हतं, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला सबमिटचं बटन नुसतं 'बटन' म्हणून ऐकू यायचं, कशाचं ते कळायचंच नाही. सोपं असणं वेगळं आणि तिथवर पोचता येणं वेगळं, इंग्रजीत पहिल्याला युजॅबिलिटी म्हणतात, त्याला वापरसुलभता म्हणा, चांगला शब्द आहे, सुलभ तिथंच शोभतो.

आता सुगमच्या बाजूनं अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. त्याचा उलटा शब्द आपल्या तोंडात आधीच आहे, दुर्गम. एसटी जात नाही, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की वाट बंद, असं गाव म्हणजे दुर्गम. आणि त्याच गम् पासून दुर्ग, म्हणजे किल्ला, जिथं जाणं अवघड ते. आपला देवगिरीच घ्या, दौलताबादचा. तासलेला कडा, खंदक, आणि आत ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, सगळं मुद्दाम केलंय की येणाऱ्यानं अडकावं. शत्रूसाठी ठीक होतं हो, पण आपण पतसंस्थेच्या खातेदारालाच अंधारीत घालायलोत! पॉपअप उघडतो, कीबोर्डवाला आत जातो आणि टॅब कितीही दाबला तरी बाहेर यायची वाटच नाही. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाठीची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात याला कीबोर्ड ट्रॅप म्हणतात आणि त्याला अगदी खालच्या, ए पातळीवरही परवानगी नाही. मी तर आमच्या पोरांना सांगताना अंधारीच म्हणतो, एकदा सांगितलं की विसरत नाहीत.

राहिलं सुगम्य. सरकारनं 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू केलं तिथून हा शब्द पसरला. चूक नाही, गम्य म्हणजे जाण्याजोगं, त्याला सु लावला. पण सुगममध्ये ते सगळं आधीच आलंय, वरून य लावून जास्तीचं काय मिळतं? मराठी माणसाला सुगम संगीतामुळं सुगम ओळखीचा, सुगम्यता म्हणताना जीभ अडखळते. सरकारी कागदाला जोडायचं असंल तर सुगम्यता ठेवा, नाहीतर सुगमता. इंग्रजीवाल्यांना ॲक्सेसिबिलिटी हा लांबलचक शब्द लिहायचा कंटाळा येतो म्हणून पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधल्या अकरा अक्षरांच्या जागी 11 लिहितात, आपल्याला चार अक्षरांत भागतंय.

तर ताई, मेनूत नुसतं 'सुगमता' लिहा आणि पानाची पहिली ओळ अशी काहीतरी ठेवा: 'ही वेबसाईट डोळ्यांनी, कानांनी किंवा नुसत्या कीबोर्डनं वापरणाऱ्या प्रत्येकाला सुगम असावी असा आमचा प्रयत्न आहे.' विशेष, अक्षम असले शब्द टाळा, कायद्यातला शब्द वापरायचाच तर दिव्यांग.

तुम्ही जाताजाता अल्ट टेक्स्टचंही विचारलंय, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी चित्रामागं लिहून ठेवायचा मजकूर. पर्यायी मजकूर रूढ आहे, पण मला 'चित्रवर्णन' बरं वाटतं, कारण पर्यायी म्हणलं की लोक तिथं 'फोटो 1' लिहून मोकळे होतात, वर्णन म्हणलं की निदान चार शब्द लिहितात. नुसत्या शोभेच्या चित्राला मात्र ते रिकामंच ठेवायचं.

आणि हे शब्दाचं नाही पण सांगतो, पानाच्या कोडमध्ये भाषा सांगणारी जी लँग नावाची नोंद असते, तिच्यात इंग्रजीचं ईएन राहिलं असंल तर मराठीचं एमआर करा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावायला बघतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातला मजकूर पेस्ट केला असंल तर तोही बदला, दिसायला मराठी असतं पण खाली इंग्रजी अक्षरंच असतात, मग 'सुगमता' असं छान लिहिलेलं ऐकणाऱ्याला एबीसीडीची खिचडी होऊन ऐकू येतं.