जुळी आहेत हे कळलं, पण वार एक की दोन?

मागच्या वेळी गरोदरपणातल्या शुगरवर लिहिलं होतं आणि प्रश्न आले ते जुळ्यांचे! कुणाच्या तरी ग्रुपवर सोनोग्राफीचा फोटो फिरला असणार. असो, त्यातले चार-पाच घेते.

प्रश्न : बायकोला चौथा महिना आहे, जुळी आहेत. रिपोर्टवर एमसीडीए लिहिलंय आणि डॉक्टर म्हणतात आता दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. माझ्या वहिनीलाही जुळीच होती, तिला महिन्यातून एकदाच बोलवायचे. हा पैसे काढायचा प्रकार तर नाही ना? (सुदामानगर, इंदूर)

नाही हो भाऊ. उलट तुमच्या डॉक्टरांनी हे वेळेवर सांगितलं म्हणून त्यांना पोहे-जिलबी खिलवा. वार म्हणजे प्लासेंटा, जिच्यातून आईकडून बाळाला पोषण मिळतं. तुमच्या वहिनीच्या बाळांना बहुतेक दोन वारी असतील, प्रत्येकाची आपापली, त्याला डीसीडीए म्हणतात. तुमच्याकडे पाण्याच्या पिशव्या दोन आहेत पण वार एकच, दोघांत मिळून, तेच एमसीडीए. जुळ्यांचं पुढचं सगळं गणित यावरच बसतं आणि आपल्याकडे लोक नेमकं हेच विचारत नाहीत, सारख्या दिसतील का ते विचारतात.

आता असं बघा, नर्मदेच्या पाण्याच्या एकाच लाईनवर दोन फ्लॅटच्या टाक्या आहेत आणि आतून त्या एकमेकींना जोडलेल्याही आहेत. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर भरतात. पण कधी कधी एकीतलं पाणी दुसरीत जायला लागतं, मग एक कोरडी आणि दुसरी ओसंडून वाहतेय. एका वारीत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या अशाच जोडलेल्या असतात. शंभरातल्या १० ते १५ जणींमध्ये रक्ताचा हा तोल बिघडतो, देणाऱ्या बाळाला लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं, आणि घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येऊन त्याच्या पिशवीत पाणी वाढत जातं. बाहेरून काही कळत नाही, म्हणून १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी बघायचं. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात, आणि उशीर झाला तर दोन्ही बाळांना धोका असतो. मधेच पोट एकदम ताणल्यासारखं वाढलं, धाप लागायला लागली तर पंधरा दिवस होऊ द्यायची वाट बघू नका.

आणि ज्यांचं आत्ताच कळलंय त्यांनी पहिली सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत करूनच घ्या, वार एक का दोन ते तेव्हा सगळ्यात स्वच्छ दिसतं. तो रिपोर्ट लॅमिनेट करा हवं तर, पण हरवू नका! माझ्याकडे सातव्या महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत बारा कागद घेऊन येतात, हळदीकुंकवाची पत्रिकासुद्धा त्यात असते, आणि नेमका हाच कागद नसतो.

प्रश्न : सुनेला जुळी आहेत, आम्ही तिला पाचव्यापासून पूर्ण झोपवून ठेवलंय, पाणीसुद्धा हातात देतो. अजून काय काळजी घ्यावी? (तिलकनगर)

काकू, तुमचं प्रेम कळतं, पण उठवा तिला. झोपवून ठेवल्याने जुळी पोटात जास्त दिवस राहतात असं आढळलेलं नाही, उलट पायांत रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. घरातल्या घरात फिरू दे, जड उचलू नये, थकली की आडवं व्हावं, बस. डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

काळजी आहे ती बीपीची आणि रक्ताची. जुळ्यांत बीपी चढायचं प्रमाण एका बाळाच्या मानाने दुप्पट-तिप्पट असतं. कितीतरी जणींना बाराव्या आठवड्यापासून रोज थोडी अ‍ॅस्पिरिन देतात ती यासाठीच, हृदयाची गोळी आहे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नका (आणि आपल्या मनाने सुरूही करू नका). डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर सूज, यातलं काहीही असलं तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना. मागे एकीचं डोकं दोन दिवस दुखत होतं, घरच्यांना वाटलं लग्नघरातलं जागरण, आली तेव्हा बीपी १६०/११० होतं.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली नको. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. दोन बाळं म्हणून तिप्पट दाल-बाफले वाढू नका, पोटात जागाच नसते हो, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी होते, त्याचाही उपयोग करा.

प्रश्न : जुळी म्हणजे सिझर ठरलेलंच का? आणि आई म्हणते सातमाशी जगतं पण आठमाशी नाही, खरं आहे का? (महू)

आधी आईचं. अजिबात खरं नाही, पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच, आठमाशी बाळ सातमाशीपेक्षा केव्हाही सुरक्षित. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आधीच येतात म्हणून ही तयारी ठेवावी लागते. लवकर कळा आल्या, पाणी गेलं, तर ३४ आठवड्यांच्या आत बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती मिळायला वेळ हवा म्हणून महूहून इंदूरला निघायला "जरा बघू सकाळी" करू नका. लहान बाळांचं आयसीयू असेल तिथेच नाव घाला.

सिझरचं म्हणाल तर पहिलं बाळ डोक्याने खाली असेल आणि बाकी ठीक असेल तर नॉर्मल होऊ शकते. २०१३ मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांनी २५ देशांतल्या सुमारे २,८०० बायकांचा अभ्यास छापला होता, त्यात अशा जुळ्यांना आधीच ठरवून केलेल्या सिझरचा वेगळा फायदा दिसला नाही. एकाच पिशवीत दोघं असतील तर मात्र सिझरच, तेही ३२ ते ३४ आठवड्यांत, कारण नाळा एकमेकींत गुंतायची भीती. दोन वारी असतील तर साधारण ३७, एक वार दोन पिशव्या असतील तर ३६ आठवडे, त्यापुढे सहसा थांबत नाहीत. गर्भाशय खूप ताणलेलं असतं म्हणून बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त व्हायची शक्यता असते, रक्ताची सोय आधी बघून ठेवा, दोन भावांचा रक्तगट माहीत असू द्या.

प्रश्न : मुली घरी आल्यात, एक १६०० ग्रॅम, एक १९००. सासूबाई म्हणतात मालिश, अंघोळ, धुरी, गुटी सुरू करा. (राजेंद्रनगर)

धुरी नको, गुटी नको, मध तर नकोच. दोन किलोच्या वर जाईपर्यंत कोमट ओल्या कापडाने पुसा. सासूबाईंना दुसरं काम द्या, एक मुलगी तुमच्या छातीशी, एक त्यांच्या, उघड्या अंगाला अंग लावून, टोपी-मोजे घालून वरून शाल. कांगारू पद्धत म्हणतात. दिवसातून जितका वेळ जमेल तितका, बाबासुद्धा बसू शकतात, छातीवर केस असले तरी चालतं. दूध दोघींना पुरतं, जितकं ओढलं जातं तितकं येतं. छोटीला ओढायला जमत नसेल तर काढून वाटी-चमच्याने किंवा घरातल्या जुन्या बोंडल्याने पाजा, रोज उकळून. लस जन्मतारखेनेच, पण मान कधी धरली, कधी बसली हे मोजताना जितके आठवडे लवकर आल्या तितके वजा करा, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून रडत बसाल.

प्रश्न : जोडकेळं खाल्ल्याने जुळी होतात का? आणि दोन्ही मुलगेच आहेत का हे कळेल का?

केळं खुशाल खा. दोन बीजं एकदम सुटायचा कल आईच्या माहेरकडून येऊ शकतो, वय पस्तिशीकडे गेलं की वाढतो, औषधांनीही वाढतो. दुसरं मी सांगणार नाही, गर्भलिंग सांगायला बंदी करणारा १९९४ चा कायदा आहे, परत विचारू नका.