आईसाठी चार चाकी वॉकर मागवलाय, ठेवू की परत करू?

शेजारच्या काकू म्हणतात चाकाच्या वॉकरनं माणूस पडतो, मग ७८ वर्षांच्या आईला तो वापरू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. काकूंचं अगदीच खोटं नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांच्या २००१ ते २००६ मधल्या नोंदींवरून असा अंदाज निघाला होता की, काठी किंवा वॉकर वापरणारी ६५ च्या पुढची साधारण ४७ हजार माणसं दरवर्षी पडून तिथं येतात. त्यातले शेकडा ८७ वॉकरवाले. आता वॉकर येतो तोच मुळात तोल गेलेल्या माणसाच्या हातात, तेव्हा सगळं खापर चाकांवर फोडू नका.

आमच्या अण्णांनी असला वॉकर तीन वर्षं वापरला. दोनदा पडले, आणि सरळ चालताना एकदाही नाही. पहिल्यांदा वॉकरच्याच सीटवर टेकायला गेले, ब्रेक लावायचा राहिला, वॉकर सुळकन निसटला आणि अण्णा फरशीवर. दुसऱ्यांदा बाथरूमच्या दारात. वॉकर आत जाईना म्हणून बाहेरच सोडला, उंबरा ओलांडताना टॉवेलचा दांडा धरला आणि तो स्क्रूसकट भिंतीतून हातात आला. दांडा धरायला नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं! आता तिथं पक्का बार आहे.

म्हणून आईंकडून आधी बसण्याची तालीम करून घ्या. ब्रेकची मूठ वर ओढली की वेग कमी होतो, खाली दाबून खट्ट आवाज आला की चाक लॉक होतं. दोन्ही बाजू लॉक करायच्या, वळायचं, पोटऱ्यांना सीट लागली की मगच बसायचं. हे त्यांच्या रोज लक्षात राहतंय का, ते आठवडाभर न सांगता बघा. विसरत असतील किंवा बोटांत जोर नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हा परत करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून पुढं दोनच चाकं असलेला साधा वॉकर घ्या. चार चाकी वॉकर सगळा भार टाकायला नसतोच. पार्किन्सन्समध्ये (कंपवातात) काहींची पावलं आपोआप भरभर पडू लागतात आणि वॉकर पुढं पळतो, माणूस मागे राहतो; तो आजार असेल तर कुठला वॉकर, हे फिजिओथेरपिस्टलाच विचारा.

खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही. खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. उंचीचं म्हणाल तर हात सैल सोडून ताठ उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आमच्याकडे दोन महिने ती दोन बोटं उंच होती आणि अण्णांचे खांदे कानाला टेकायचे, कुणाच्या लक्षातच आलं नाही. भाजीची पिशवी मुठीला अडकवू नका, खाली बास्केट असते. पायपुसणी उचलाच, आणि आई गाऊन घालत असतील तर चार बोटं आखूड करून घ्या.

सीटवर आजीला बसवून नातवानं लिफ्टपर्यंत ढकलत न्यायचं, हे मी आमच्याच सोसायटीत बघितलंय. ती व्हीलचेअर नव्हे. पुढची छोटी चाकं लिफ्टच्या फटीत अडकली की आजी पुढे.

महिन्यातून एकदा ब्रेकची वायर ढिली झालीय का आणि चाकाचं रबर झिजलंय का ते बघत जा. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील आणि डोकं आपटलं, तर जखम दिसो न दिसो, तडक दवाखाना गाठा.

आणि परत करायची मुदत संपायच्या आत टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. वॉकरची रुंदी मागच्या चाकांपाशी मोजायची, सीटपाशी नाही; आम्ही तिथंच फसलो होतो.