खोडवा मोडावा की नांग्या भराव्यात?

प्रश्न : माझी मुलगी शिकागोला असते. तिच्याकडे गेलो असता व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे दोन सामने मैदानावर बसून पाहिले आणि तेव्हापासून या संघाचा लळा लागला. २०२४ मध्ये तो १६२ पैकी १२१ सामने हरला. अशा संघाने अनुभवी खेळाडू देऊन टाकून तरुणांच्या भरवशावर चार-पाच वर्षे थांबावे, की पैसा ओतून लगेच जिंकायला उभे राहावे?
– एक ऊस उत्पादक वाचक, चिकोडी

उत्तर : आपण ऊस पिकवता, त्यामुळे हा पेच आपल्याला परका नाही. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटलेल्या पिकात, तुटाळ (रिकाम्या जागा) पडली की आपण आधी बुंधे पाहतो; ते जोमदार असतील तर नांग्या भरतो, म्हणजे त्या रिकाम्या जागी रोपे लावतो, आणि बुंधेच मेले असतील तर खोडवा मोडून नवी लागण करतो. संघाचा निर्णयही असाच, त्याच्याकडे आज काय जिवंत आहे हे पाहून व्हायला हवा.

अमेरिकेत तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही, उलट नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याला वरचा क्रमांक मिळत आला. म्हणून हरत राहणे हेच धोरण ठरू लागले. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०११ ते २०१३ दरवर्षी शंभराहून अधिक सामने हरले आणि २०१७ मध्ये विजेते झाले, हा दाखला सर्रास दिला जातो. (त्या विजेतेपदाला प्रतिस्पर्धी खेळाडू एकमेकांना करतात त्या खुणा चोरल्याचा डागही लागला.) परंतु त्यांचा आधारस्तंभ होसे अल्टुवे या पडझडीच्या कितीतरी आधी अल्प रकमेत करारबद्ध झाला होता, आणि २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला मार्क अपेल त्यांच्याकडून मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तरावरचा, एकही सामना खेळला नाही. शिवाय २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात. आपल्या व्हाइट सॉक्सना तर १२१ पराभवांनंतर, मोठ्या शहरांतील संघांना सलग दोन वर्षे सोडतीचा लाभ न देण्याच्या नियमामुळे, २०२५ मध्ये दहावा क्रमांक मिळाला.

याच संघाने २०१६ च्या अखेरीस ख्रिस सेल हा अव्वल पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) बॉस्टनच्या संघाला देऊन एकदा नवी लागण केली होती. २०२० आणि २०२१ मध्ये ते बाद फेरीत पोहोचले, दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत हरले, आणि २०२३ पर्यंत पुन्हा १०१ पराभवांवर आले. रोप चांगले होते. पुढची मशागत कमी पडली, असे माझे मत आहे.

याउलट कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये १०६ सामने हरले होते, पण २०१९ मध्ये निवडलेला बॉबी विट धाकटा तोवर जोमात आला होता. त्यांनी सेथ लुगो आणि मायकल वाका हे अनुभवी पिचर विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ८६ विजयांसह बाद फेरी गाठली. विटसारखा बुंधा हाती असताना आणखी थांबणे चूकच ठरले असते, कारण मेजर लीगमधील सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू दुसऱ्या संघात जायला मोकळा होतो.

म्हणून व्हाइट सॉक्सने, माझ्या मते, सध्या लागणच करावी. मात्र दोन-तीन तरुण मेजर लीगमध्ये स्थिरावताच वाट न पाहता पिचर विकत घ्यावेत. तोवर पगारात वाचलेला पैसा मालकाने खालच्या लीगमधील प्रशिक्षकांवर खर्च केलाच पाहिजे. तो खिशात घातला, तर आपल्यासारख्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची ती फसवणूक होय.