मी मडगावचा, बारावी कॉमर्स. फिजिक्स नसताना खासगी पायलट होता येईल का?

हो, नक्की येईल. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमांनुसार खासगी परवान्याला, म्हणजे पीपीएलला, दहावी पास आणि १७ वर्षं पूर्ण एवढंच लागतं. फिजिक्स-गणिताची अट व्यावसायिक परवान्यासाठी आहे. किमान ४० तास उड्डाण हवं, त्यातले काही तास एकट्यानं. शिवाय १५० सागरी मैलांचा एक एकट्याचा प्रवास, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून पूर्ण थांबायचं. माझ्या मते सगळ्या तयारीत मन लावून करावं असं हेच. हवामान, नकाशा, इंधन सगळा हिशेब तुमचा, शेजारी कुणी नाही.

पण फी भरण्याआधी क्लास २ मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची आरोग्य तपासणी, करून घ्या, आधी पैसे अजिबात गुंतवू नका. त्यात रंग ओळखण्याच्या चाचणीत रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा दिसला नाही तर तिथेच अडचण येते. गोव्यातला दाबोळी विमानतळ नौदलाचा तळ आहे, तिथे सरावाच्या फेऱ्यांची आशा धरू नका. विमान शिकवणारी संस्था असलेल्या बारामतीसारख्या ठिकाणी राहायची तयारी ठेवा. पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाणं रखडतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास सुरुवात केलेली बरी.

एक लक्षात ठेवा: या परवान्यावर विमान चालवून पगार घेता येत नाही.