बेल्जियमची लॅम्बिक बिअर पुण्यात किती वर्षं मुरवता येईल?

तुम्ही विचारलंय की 2019 ची एक आउडे ग्यूझ आणि एक आउडे क्रीक भेट मिळाली आहे (दोन्ही लॅम्बिकच, म्हणजे हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेली आंबट बिअर; ग्यूझ हे तिचं मिश्रण, क्रीकमध्ये चेरी घातलेली), कपाटात ठेवून अजून दहा वर्षांनी उघडली तर चव वाढेल का. क्रीक आज रात्री उघडा. ग्यूझचं नंतर बोलू.

हाच वाद मी माझ्या साडूशी कितीतरी वर्षं घालतोय. आम्ही दोघंही ब्रसेल्सजवळ राहतो. 2013 साली लॅम्बिकवाल्यांनी 'टूर द ग्यूझ'साठी दारं उघडली, तेव्हा ब्रसेल्सच्या शेजारच्या पायोटनलांड भागात दिवसभर भटकून आम्ही क्रीकच्या सहा बाटल्या घेतल्या, पैसे निम्मे निम्मे. मी म्हटलं, आत्ताच पिऊ. साडू म्हणाला, लोणचं कोणी घातल्या दिवशी खातं का? माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याकडे तळघर, म्हणून सहाही बाटल्या त्याच्याकडे गेल्या. हिटिंगचा बॉयलर त्याच तळघरात आहे, हे मला कळलं आठ वर्षांनी.

2021 च्या डिसेंबरात पहिली बाटली निघाली. बूच अर्ध्यात तुटलं. माझ्या आठवणीतला रंग कोकमच्या सरबताचा. ग्लासात पडलं ते विटकरी, कडेला तर कोरा चहाच. चेरी गेली होती, तिची बी तेवढी राहिली होती: कडू बदामाचा वास, मागे ओलं लाकूड, आणि जबडा आवळणारी आंबट धार. साडूने डोळे मिटून सांगितलं, "काय मुरलीय!" मेव्हणीने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "सोलकढीत नारळ घालायचा राहिला का?" साडूने तो ग्लासही संपवला. हट्टाने.

फळ मुरत नाही, विरतं. लोणच्याला मीठ आणि तेल धरून ठेवतं. इथे ब्रेटानोमायसिस यीस्ट वर्षानुवर्षं चरत बसलेलं असतं. चेरीसाठी पैसे मोजलेत ना, मग चेरी आहे तोवर प्या. दोन-तीन वर्षं, फार तर.

ग्यूझची गोष्ट वेगळी. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचं ते मिश्रण. कोवळ्या लॅम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत आंबते आणि त्यातून फेस येतो. उडून जायला त्यात फळच नाही. पाच-सात वर्षांत आंबटपणा बसतो, गवत, चामडं, जुन्या लिंबाच्या सालीसारखे वास पुढे येतात. काही बाटल्यांवर तर वीस वर्षांची मुदत छापलेली असते. पण ती मुदत 10 ते 13 अंशांच्या काळोख्या तळघरातली, एप्रिलमधल्या पुण्यातली नव्हे. 2009 मध्ये द्री फाँटेइनेन या लॅम्बिकवाल्यांचा थर्मोस्टॅट बिघडला, बाटल्यांची खोली तापत राहिली, आणि तिथले मालक आर्मांड डेबेल्डर यांच्या हजारो बाटल्या वाया गेल्या. शेवटी त्यांनी त्याची दारू गाळून घेतली. हे साडूला तीनदा सांगितलं. दर वेळी एकच उत्तर: "माझा बॉयलर भिंतीच्या पलीकडे आहे."

चव कशी घ्यावी म्हणाल तर फ्रीजमधून काढून लगेच नको, वीस मिनिटं थांबा. बाटली आडवी ठेवली असेल तर आदल्या दिवशी उभी करा म्हणजे साका तळाला बसेल, नाहीतर वेताच्या टोपलीत आडवीच उघडा. ओतायला लागलात की मध्ये बाटली सरळ करू नका, साका उठतो. ग्लास साधा चालतो. सोबत खारवलेलं चीज, फरसाण नको.

आता खरं सांगायचं तर माझं स्वतःचं तळघर कधीच नव्हतं, आणि एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही सारख्या निघत नाहीत. शिवाय त्याच रात्री साडूने त्याच तळघरातून 2009 ची ग्यूझ आणली. पावसानंतरच्या गवताच्या गंजीसारखा वास, मऊ आंबट, फेस जिवंत. बॉयलरचा माझा मुद्दा तिथेच ढिला पडला, आणि तो हे विसरू देत नाही.

क्रीकच्या पाच बाटल्या अजून तिथेच आहेत. त्यातल्या तीन माझ्या. मागितल्या की तो म्हणतो, "2033 ला ये."