गतिरोधकावर ‘टक्’ वाजतंय: पुढचे शॉकअप घरी बदलायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ८० हजार किलोमीटर, बडोद्यातल्या मांजलपूरच्या सोसायटीत उभी असते. गतिरोधकावरून उतरताना पुढून डावीकडे ‘टक्’ वाजतं, गॅरेजवाला म्हणतो दोन्ही शॉकअप गेले, आणि तुम्हाला ते घरीच बदलायचे आहेत. मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला नेहमीचा मॅकफर्सन स्ट्रट आहे असं धरतो.

खरेदीच्या आधी तपासणी. नुसती ‘टक्’ म्हणजे शॉकअप गेला असं नाही. बहुतेक वेळा लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा छोटा दांडा), स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश वाजत असतो. लिंक रॉडची दोन्ही टोकं हाताने जोरात हलवून बघा, त्यात जराही खेळ नको. मग बॉनेट उघडून कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगला बोटं नुसती टेकवून ठेवा. स्प्रिंग गुळगुळीत न फिरता अडकून झटक्याने सुटत असेल, ‘टण्ण’ वाजत असेल, तर वरचं बेअरिंग जाम आहे. शॉकअप खरोखर गेला असेल तर खुणा वेगळ्या दिसतात: ट्यूब वरून खालपर्यंत तेलाने ओली आणि तिच्यावर धुळीचा थर, टायरवर हात फिरवला की उंचवटे-खड्डे लागणं, ब्रेक मारल्यावर नाक खूप खाली बसणं, उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलणं. सीलजवळ नुसता तेलाचा घाम असेल तर तेवढ्यासाठी बदलू नका.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी पाण्यात उभी होती का? डस्ट कव्हरच्या आत गाळ बसतो, वाळला की तो पॉलिश पेपरसारखा रॉड घासतो आणि सील कापतो. अशा गाडीत शॉकअपबरोबर बेअरिंगही बदलाच.

सामान घेताना शॉकअप नेहमी जोडीने घ्या. एक नवा आणि एक दमलेला असला की ब्रेक मारताना आणि वळणावर दोन बाजू वेगळं वागतात. डावा-उजवा वेगळा असतो, डब्यावर आणि अंगावर खूण बघा. पेट्रोल-डिझेल आणि वर्ष बदललं की भागाचा नंबर बदलतो, म्हणून दुकानात नाव सांगण्यापेक्षा चॅसिस नंबर सांगा. गॅब्रिएल, केवायबी यांच्यापैकी घ्या किंवा कंपनीचाच मूळ भाग घ्या, पण बिलासकट. सोबत दोन माउंटिंग, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉपर, दोन डस्ट कव्हर आणि रॉडचे नवे लॉक नट. इथे पैसे वाचवू नका: जुना फाटका कव्हर नव्या रॉडवर चढवला तर धूळ नव्या सीललाही खाऊन टाकते.

आता काम. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल खालच्या दोन बोल्टांवर मारून ठेवा. डांबरावर काम करू नका. मे महिन्यात डांबर मऊ होतं आणि जॅक रुततो. सिमेंटची सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा आटा सैल करा, मग दोन्ही बाजू उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉड निघता निघत नाही. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवा, लिंक रॉड स्ट्रटला जोडलेला असेल तर तोही. खालचे बोल्ट बहुधा १७ किंवा १९ च्या पान्याचे असतात. सोडवण्याआधी स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जिथे मिळतात तिथे, नकलवर स्ट्रटच्या कडेने टोकदार खिळ्याने रेघ ओढा. हीच रेघ नंतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जवळपास जागेवर आणते. बोल्ट धरून नट फिरवा, उलट नको, कारण काही गाड्यांत बोल्टच्या मानेवर दाते असतात आणि बोल्ट फिरवला की भोक बिघडतं. बोल्ट निघाला की नकल बाहेर कलंडतं आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो, म्हणून ते आधीच तारेने बांधून ठेवा. वरचे नट शेवटी, एक हात स्ट्रटखाली ठेवून. मधल्या मोठ्या नटाला अजून हात लावायचा नाही, दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरलेली असते. वर तीन नटांऐवजी मध्ये एकच नट दिसत असेल, तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय पाना लावू नका.

इथपर्यंत कुणीही नीट हाताचा माणूस करू शकतो. स्प्रिंगचं तसं नाही. अशा गाडीच्या पुढच्या एका चाकावर अडीचशे-तीनशे किलो भार असतो आणि तो ही स्प्रिंग पेलते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडतं, जीवही जातो. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल, तर माझं स्पष्ट मत: दोन्ही स्ट्रट काढून, नवं सामान पिशवीत घालून मकरपुऱ्याकडच्या एखाद्या सस्पेन्शनवाल्याकडे न्या आणि त्याच्या प्रेसवर बदलून आणा. बाकी काम तुमचंच राहतं.

स्वतः करणार असाल तर कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर, जितके वेढे पकडता येतील तितके पकडून लावा. आट्यांना ग्रीस लावा आणि आळीपाळीने दोन-दोन फेरे हातानेच द्या, एअर गन नको. तोंड किंवा छाती स्प्रिंगच्या सरळ रेषेत येऊ देऊ नका. स्प्रिंग आपल्या खोबणीत हाताने सैल हलायला लागली की मगच मधला नट सोडा. रॉड फिरत असेल तर वरच्या टोकाला एलन की घाला. रॉडला प्लायर कधीच लावू नका, एक ओरखडा पडला तरी सील गळायला लागतं.

नवा शॉकअप डब्यात आडवा पडलेला असतो, आत हवा आणि तेल मिसळलेलं असतं. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. पहिल्या एक-दोन दाबांत मध्येच पोकळ लागेल, मग जोर सारखा व्हायला हवा. नाहीच झाला तर परत द्या. स्प्रिंगचं खालचं टोक सीटमधल्या पायरीला बरोबर टेकलं पाहिजे. बोटभर जरी फिरून बसलं, तरी गाडी रस्त्यावर आली की स्प्रिंग सरकते आणि ‘टण्ण’ वाजते. लोकांना वाटतं नवा शॉकअप खराब निघाला.

उलट क्रमाने चढवा, रेघा जुळवा, नकलचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. लोअर आर्मचा बोल्ट सैल केला असेल तर तो गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून ब्रेकची नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या, रेघा कितीही छान जुळल्या असल्या तरी. कॅम्बर अर्धा अंश हलला तरी टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो आणि टायर आतून किंवा बाहेरून झिजायला लागतात. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे आणि वरचे नट पुन्हा तपासा. त्यानंतरही डावीकडे ‘टक्’ राहिलीच, तर लोअर आर्मच्या बॉल जॉइंटखाली पहार घालून तो उचलून बघा.